हॉगवॉशच्या मुळाशी, बादलीसकट

...आणि वर मलाच विचारतात, "वास कसला येतोय हो?" आता काय सांगू ह्यांना? शब्दाचा येतोय. हसू नका, तुम्हाला सांगतो, पाच महिने झाले, दिवसाला तीन-तीन आंघोळी, साबणाच्या वड्यांवर वड्या झिजवल्या, लिंबू चोळलं, कॉफी चोळली, बायकोनं तर शेवटी भांडी घासायची पावडर हातात दिली नि म्हणाली, "आता एवढंच राहिलंय," तरी ह्या उजव्या हाताचा, बोटांपासून कोपरापर्यंतचा वास म्हणून जात नाही... पुढच्या रांगेतल्यांनी रुमाल काढला तरी चालेल, मला सवय आहे, आताशा कोणी रुमाल न काढता भेटलं तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये असं आपल्याकडं म्हणून ठेवलंय, पण ज्यानं कोणी म्हणून ठेवलं त्याला आणखी एक शब्द पुढं जोडायला काय झालं होतं? शब्दाच्या मुळाशी जाऊ नये माणसानं. जाऊच नये.

पण माझी नोकरीच ती. कोशाच्या कार्यालयात आहे मी. इंग्रजी जोडशब्दांचा कोश. म्हणजे दोन भलते शब्द शेजारी येतात, एकमेकांना चिकटतात, आणि पुढं दोघांच्याही घरात कोणाला ओळखू येणार नाही असं तिसरंच काहीतरी होऊन बसतात, लग्नात होतं तसं. तर हे दोघं कुठले, आधी काय करत होते, एकत्र कोणी आणले, नंतर काय थेरं केली, हे सगळं शोधायचं आणि एका शब्दाला एक अशा कार्डावर लिहून पत्र्याच्या खणात टाकायचं. तीन खोल्या, चार टेबलं, एक पंखा, तोही फक्त टायपिस्टताईंच्या दिशेनं फिरतो. माझ्याकडं एच अक्षर. अकरा वर्षं मी एचमध्ये आहे. लोक डोंगरात राहतात, परदेशात राहतात, मी एचमध्ये राहतो. माझ्या शेजारच्या टेबलावर जी-वाले, त्यांचं जी गेल्या वर्षी संपलं, तेव्हापासून ते खुर्चीत मागं रेलून माझ्याकडं बघत बसतात, पाहुणा निघायची वाट बघावी तसे.

आणि ह्या सगळ्यांवर आमचे मुख्य संपादक. खिशात कायम भिंग, म्हणून आम्ही त्यांना भिंगच म्हणतो, पाठीमागं. विद्वान माणूस, प्रश्नच नाही, पण त्यांचा एक नियम आहे, आणि त्या नियमानं माझ्या आयुष्याचा पार चोथा केलाय. नियम असा, की जी वस्तू डोळ्यांनी पाहिली नाही तिची व्याख्या लिहायची नाही. तुम्ही कार्ड नेऊन दिलंत की भिंग डोळ्याला लावणार, कार्ड नाकापाशी नेणार, आणि खालच्या आवाजात, अगदी गोड, "पाहिलंत का?" पाहिलं असेल तर त्या कामातल्या माणसाची साक्षीची सही आणायची. वस्तूचा नमुना आणायचा, तो लाखेनं बंद करून, चिठ्ठी लावून, नमुन्यांच्या कपाटात, आणि कपाट कुठं? तर खणांच्या बरोब्बर डोक्यावर. का? तर शब्द आणि वस्तू जवळजवळ असाव्यात.

आता 'हेअरपिन'ला हा नियम ठीक आहे हो. 'हँडबॅग'ला ठीक आहे. पण 'हार्टब्रेक'? मी म्हटलं, साहेब, ह्याची साक्ष कोणाची आणू? तर जी-वाले न मागता पुढं आले आणि सही करून गेले. 'हनीमून' टायपिस्टताईंना दिला तर त्या दहा दिवस रजेवर, आणि परत आल्या त्या कार्ड कोरं घेऊन. 'हेडएक'च्या कार्डावर मात्र सगळ्या कार्यालयानं एका दमात सह्या केल्या, आणि नमुना म्हणून कपाटात कोणाला बसवायचं ह्याबद्दलही आमच्यात अजिबात मतभेद नव्हते.

तुम्ही म्हणाल, एवढा जीव जातोय तर सोड की नोकरी. सोडली असती. दहा वेळा राजीनामा लिहिलाय मी, सुंदर लिहिलाय. पण घरी आई आहे ना.

माझी आई बांधणी कारखान्यात पुस्तकं शिवायची. एकतीस वर्षं. छापलेले कागद यायचे, ते दुमडायचे, रचायचे, सुईदोऱ्यानं शिवायचे, संध्याकाळपर्यंत बोटांना भोकं. कोणाकोणाची पुस्तकं शिवली तिनं, मोठमोठ्या माणसांची, आणि प्रत्येक पुस्तकाच्या चौथ्या पानावर नावं असायची, ह्यांचे आभार, त्यांचे आभार, अमक्यांचं साहाय्य, तमक्यांचं साहाय्य... शिवणारीचं कधी कुठं नाव नसतं, आणि त्याचं तिला काही नाही, ती म्हणते, "माझं कशाला? पण आपल्या घरातलं एक तरी नाव त्या पानावर यावं रे." आता ऐंशी पूर्ण झाली. दर रविवारी मला विचारते, "आलं का नाव?" मी म्हणतो, आई, अजून एच चालू आहे, खंड पूर्ण झाला की मग छापतात. तर म्हणते, "केवढं असतं रे ते एच?" काय सांगणार? एक अक्षर आहे, उभ्या दोन काठ्या, मध्ये एक आडवी, आणि तुझा मुलगा त्या आडव्या काठीवर अकरा वर्षं लोंबकळतोय... असं कसं सांगणार आईला?

तर ह्या वर्षी एच संपत आलं. एकच कार्ड उरलं. एकच. हॉगवॉश.

हा शब्द तुम्ही ऐकला असेल नसेल, इंग्रजीत समोरचा माणूस धादांत थापा मारायला लागला, निव्वळ बडबड करायला लागला की म्हणतात, हॉगवॉश. बकवास. आता हॉग म्हणजे डुक्कर आणि वॉश म्हणजे धुणं, हे कोणालाही कळतं, मलाही कळलं, मी चहा प्यायच्या आत कार्ड लिहून मोकळा झालो, 'डुकरास आंघोळ घातल्यावर उरणारे पाणी', आणि नेऊन ठेवलं टेबलावर. भिंग वर आलं. "पाहिलंत का?" मी म्हटलं, काय साहेब? "डुकराला आंघोळ घालताना." मी म्हटलं, साहेब, डुकराला आंघोळ कोण घालतं? "हं," म्हणाले, "मग पाणी कुठून उरलं?"

गेलो परत, जाडजूड ग्रंथ काढले, धूळ खाल्ली, आणि खरा प्रकार सापडला. आंघोळीचा काही संबंध नाही. पाच-सहाशे वर्षांपूर्वीपासून तिकडं स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं, उष्टं, खरकटं, ताटं विसळलेलं पाणी असं सगळं एका पिंपात ओतायचे आणि डुकरांपुढं ठेवायचे, त्या पातळ सरबरीत प्रकाराला म्हणायचे वॉश, आणि तो डुकराचा म्हणून हॉगवॉश. मग अडीचशे वर्षांनी कोणाला तरी भिकार दारू प्यायला मिळाली, तो म्हणाला, हे तर हॉगवॉश. मग कोणाला तरी भिकार पुस्तक वाचायला मिळालं, तो म्हणाला, हेही हॉगवॉश. आणि मग काय, जो तो ज्याला त्याला म्हणायला लागला. म्हणजे बघा, शब्दाची चढती कमान, पिंपातून पेल्यात, पेल्यातून पुस्तकात. मी खूश. सगळं लिहिलं, सनावळीसकट, वर आपली एक झणझणीत व्याख्या, 'स्वयंपाकघरातील घाण, कुजके व टाकाऊ पाणी'. भिंगांनी वाचलं. मान हलवली. मला वाटलं, झालं.

"पाहिलंत का?"

शी... आणि साहेबांचा चेहरा अगदी शांत, "सही आणा. नमुना आणा. सुट्टीनंतर खंड छापायला जायचाय." शब्दाच्या मुळाशी जाऊ नये माणसानं, आणि गेलंच तर निदान बादली घेऊन जाऊ नये.

पण आईचं नाव... म्हणजे माझं नाव, तेच ते. गेलो. विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलो, मागच्या दारानं. तिथला आचारी म्हणजे दारात मावणार नाही असा. मी सगळं समजावून सांगितलं, कोश, जोडशब्द, पंधरावं शतक... तो ऐकत होता, मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला उष्टं पाहिजे." मी म्हटलं, अभ्यासासाठी. तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात," आणि झाकण उघडलं. अहो काय वर्णन करू? भात, त्यात सूप, त्यात चहा, त्यात अर्धी उकडलेली अंडी, त्यावर भिजून फुगलेला ब्रेड, आणि ह्या सगळ्यांवर एक साय. कशाची साय ते विचारू नका, मीही विचारलं नाही. त्यानं एक बादली भरून दिली आणि पत्ता दिला, शहराबाहेर गोदामांच्या मागं एक मावशी डुकरं पाळतात, रोज हेच तिकडं जातं.

बादली घेऊन बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणतो, "हे काय?" मी म्हटलं, शब्द आहे. म्हणाला, "शब्द सांडतोय." सगळी बस मागं सरकली, मला पुढची दोन्ही बाकं मोकळी, आयुष्यात पहिल्यांदा खिडकी मिळाली आणि कंडक्टर म्हणाला, "खिडकीतच बसा, आणि डोकं बाहेर नाही काढलंत तरी बादलीचं काढा." एक आजोबा तेवढे शेजारी येऊन बसले, त्यांना मोठी सर्दी होती.

उतरलो. मावशींचं आवार म्हणजे मी मनात जी काही तयारी करून गेलो होतो, चिखल, माश्या, दुर्गंधी, त्यातलं काहीच नाही. फरशी धुतलेली. डुकरं रांगेत झोपलेली, पोटं वरखाली. आणि मावशी दारातच हात आडवा करून उभ्या. पन्नाशीच्या, कमरेला रबरी ॲप्रन. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बूट काढा." मी म्हटलं, इथं? "पाय धुवा. हातही. साबण तिथं आहे. बाहेरची घाण आत चालत नाही, डुकरं आजारी पडतात." म्हणजे बघा, मी, पदवीधर, कोशकार, नाकाला रुमाल लावून उभा, आणि घाण कोण, तर मी. धुतले पाय. वर म्हणतात, "बोटांच्या मधेसुद्धा."

मग त्यांनी बादली पातेल्यात ओतली, चुलीवर ठेवली, चांगली उकळली, उतरवली, निवू दिली, आणि मला म्हणाल्या, "कोपर घाला." मी म्हटलं, कुठं? "त्यात. बाळाच्या आंघोळीचं पाणी कोपरानं बघतात ना? तसं. पोळलं तर त्यांची तोंडं भाजतात." मी म्हटलं, मावशी, मी फक्त पाहायला आणि तुमची सही घ्यायला आलोय. त्या म्हणाल्या, "मग सही पण पाहूनच घ्या." घातलं कोपर. पार आत. गरम, बुळबुळीत, आणि आत कुठंतरी काहीतरी हळूच सरकलं... "आता तळ चाचपा," म्हणाल्या, "पोरं काय वाट्टेल ते टाकतात." चाचपला. दोन चमचे निघाले, बाटलीचं झाकण निघालं, कोंबडीची हाडं निघाली, आणि एका विद्यार्थ्याचं ओळखपत्र निघालं, फोटोत हसत होता. मावशी एकेक धुऊन बाजूला ठेवत होत्या आणि पुटपुटत होत्या, "ह्यांना शिकवतात तरी काय? एवढं टाकतात?" मावशी माणसांवर चिडल्या होत्या, बादलीवर नाही.

डुकरांपुढं ओतलं. खाल्लं त्यांनी. लख्ख केलं. मी कार्ड काढलं, म्हटलं, मावशी, करा सही, मी निघतो. त्यांनी ॲप्रनला हात पुसले, चष्मा लावला, वाचलं. परत वाचलं. आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. "मी नाही करणार."

मी म्हटलं, का?

"घाण लिहिलंय. घाण मी घालत नाही. कुजकं लिहिलंय. कुजकं आलं तर मी त्या आचाऱ्याच्या दारात नेऊन ओतते, विचारा त्याला. आणि टाकाऊ कोणाला? टाकणाऱ्याला. खाणाऱ्याला ते जेवण आहे." मी म्हटलं, मावशी, इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थच बकवास असा झालाय. त्या म्हणाल्या, "ज्यानं केला त्यानं कधी बादली उचलली नसणार. पेन द्या." आणि माझ्या कार्डावर, माझ्या, अकरा वर्षांच्या कोशकाराच्या कार्डावर, तीन शब्द खोडले आणि मला सांगितलं, लिहा, 'माणसांच्या ताटांतून उरलेले, निवडून, उकळून डुकरांस द्यायचे पातळ अन्न'. लिहिलं. काय करता? मग साक्षीच्या कागदावर सही केली, गोलगोल, सावकाश, पूर्ण नाव, आणि नमुन्यासाठी एक डबा भरून दिला. वर म्हणतात, "दोन दिवसांच्या आत वापरा. टिकत नाही." बघा, सांगितलं होतं हो त्यांनी. स्पष्ट सांगितलं होतं.

भिंगांनी कार्ड वाचलं. भिंग खाली ठेवलं, असं मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. "सुरेख," म्हणाले, "कोणाची व्याख्या?" आता माणसानं अशा वेळी गप्प बसावं की नाही? पण खोटं बोलायची आपल्याला सवय नाही, मी म्हटलं, मावशींची. त्यांनी साक्षीचा कागद आपल्या घरच्या फायलीत घातला, म्हणाले, "ह्यांचे आभार मानायला हवेत." मी म्हटलं, जरूर. तेव्हा मला काय ठाऊक?

नमुन्याचा डबा टेबलावर. टायपिस्टताई लगेच पदर नाकाला लावून, "अहो, ते झाकण घट्ट लावा ना." लावलं. "आणखी घट्ट." चिकटपट्टी लावली, तीन फेरे. मग भिंगांनी स्वतः, स्वतःच्या हातानं, लाख वितळवून चारी बाजूंनी अशी सील केली की मुंगी शिरणार नाही आणि, आता कळतंय, वारा निघणार नाही. चिठ्ठी लावली, डबा कपाटात, एचच्या खणांच्या डोक्यावर, आणि कार्यालयाला उन्हाळ्याची दहा दिवसांची सुट्टी. दहा दिवस बंद खोली. पत्र्याचं कपाट. खिडकीतून ऊन. सगळे विद्वान हो आम्ही. चार टेबलं, चार डोकी, तेराशे जोडशब्दांची मुळं तोंडपाठ, पण उष्टं बंद डब्यात आंबतं, फुगतं आणि फुटतं हे एकालाही आठवू नये? मावशींच्या एका डुकरालाही कळलं असतं ते.

सुट्टी संपली, शिपायानं कुलूप काढलं, दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. आम्ही बाहेर. तो म्हणाला, "साहेब, आत काहीतरी मेलंय." एच मेलं होतं हो. डबा फुटला होता. छतापर्यंत गेला होता. आणि छतावरून निवांत ठिबकत ठिबकत खणांत उतरला होता, बाकी कुठं नाही, जीमध्ये नाही, आयमध्ये नाही, सरळ एचमध्ये. तेराशे कार्डं, शाईनं लिहिलेली, कारण शाईनंच लिहायची असा आणखी एक नियम, ती सगळी एकमेकांना चिकटून एक लादी झालेली, हाऊसकीपर हेअरब्रशला चिकटलेली, हार्टब्रेक हनीमूनला... आणि त्यावर बुरशी, हिरवी, पोपटी, केसाळ. टायपिस्टताई जिन्यातच बसल्या. जी-वाले म्हणाले, "जी वाचलं." आणि भिंग, तुम्हाला सांगतो, त्या माणसाला मी प्रथमच डोळे मिटलेले बघितलं. शब्दाच्या मुळाशी जाऊ नये माणसानं, कारण कधीकधी मूळ आपल्याकडं येतं.

मजकूर वाचला. प्रत्येक कार्डाची कार्बन प्रत भिंगांच्या घरी होती, नुसत्या मजकुराची, सही मात्र फक्त मूळ कार्डावर करायची. पण छापखाना कार्बन घेत नाही, कार्डं नव्यानं उतरवून काढायची, तीन आठवड्यांत. सगळ्यांनी बसून उतरवली, टायपिस्टताईंनी, जी-वाल्यांनी, स्वतः भिंगांनी, शिपाईसुद्धा बसला, त्याचं अक्षर छान आहे. आणि मी? मी नाही. मी डबा आणला होता ना. मी खण धूत होतो. एकट्या एचचे सव्वीस खण, एकेक कोपरा, तीन आठवडे, उजवा हात कोपरापर्यंत आत... हा हात. हाच. ते लोक आत पंख्याखाली बसून माझी अकरा वर्षं उतरवत होते, आणि मी मागच्या मोरीत ती खरवडत होतो. खरवडताना एखादं कार्ड हाताला लागायचं, माझं अक्षर दिसायचं, अर्धं, पुसट, आणि कोपऱ्यात माझी सही. मग पाण्याबरोबर ती पण जायची. तेव्हा मात्र मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. वासानं आलं असं सगळ्यांना वाटलं.

आणि आता ऐका. आभाराच्या पानावर नावं कशी ठरतात? त्यालाही नियम. ज्याची सही कार्डाच्या कोपऱ्यात, त्याचं काम, त्याचं नाव. नव्या कार्डांवर सह्या कोणाच्या? ज्यांनी उतरवली त्यांच्या. मी गेलो भिंगांकडं. म्हटलं, साहेब, एच माझं आहे. ते म्हणाले, "मला माहीत आहे." मी म्हटलं, मग? तर त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तुमच्या सहीचं एक कार्ड दाखवा." एक. तेराशेंतलं एक. कुठून दाखवू? गटारात उतरू? त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, पण ज्या माणसानं आयुष्यभर न पाहिलेलं छापलं नाही तो माझ्यासाठी कसं छापेल? शेवटी हळूच म्हणाले, "मी तुमच्यासाठी दोन शब्द वाढवलेत. नियमात बसत नव्हते, तरी वाढवलेत." मी आभार मानले. सवय असते माणसाला.

काल खंड आला. जाड, निळा, सोनेरी अक्षरं. घरी नेला, आंघोळ केली, मग आईपुढं ठेवला. तिनं आधी पुस्तक उलटं करून शिवण बघितली, दोरा ओढून बघितला, मग चष्मा पुसला आणि थेट चौथं पान. तिला काही शोधावं लागत नाही. बोट ठेवून एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागली. साहेबांचं. जी-वाल्यांचं. टायपिस्टताईंचं. शिपायाचं. प्रत्येक नावाला थांबायची, माझ्याकडं बघायची, पुढं जायची. मग मावशींचं, अगदी ठळक, वेगळ्या ओळीत. "ह्या कोण?" मी म्हटलं, डुकरं पाळतात. आईनं नुसती मान डोलावली.

मग शेवटची ओळ. 'आणि इतर.'

बोट तिथंच राहिलं तिचं. "हा तू?"

मी म्हटलं, हो.

"आणखी कोण कोण आहे रे ह्या इतरांत?"

मी म्हटलं, कोणी नाही गं. बाकी सगळ्यांची नावं आलीत.

आईनं बोट उचललं. पानावरून हात फिरवला तिनं, दोनदा, कागद बसवताना फिरवायची तसा, आणि मग म्हणाली, "बरंय की मग. ऐसपैस आहेस."